पुसली न जाणारी फाइल
(काळ्या खिडकीतून : लेखांक ६)

फाइल निवडली, डिलीट दाबलं आणि संगणकाने नकार दिला. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. अशा वेळी बहुतेक जण संगणक बंद करून चालू करतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर ते फोल्डर तसंच राहू देतात किंवा इंटरनेटवरून कुठला तरी 'अनलॉकर' उतरवून घेतात. हा शेवटचा मार्ग सगळ्यांत वाईट. एका फाइलपायी आपण अनोळखी प्रोग्रॅमला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देतो, म्हणजे सगळा संगणकच त्याच्या हवाली करतो. या कामाला लागणारी जवळपास सगळी हत्यारं विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधीपासून आहेत.

गेल्या आठवड्यात आपण 'डीआयआर' आणि 'सीडी' या आज्ञा पाहिल्या. पुसायच्या दोन मुख्य आज्ञा म्हणजे फाइलसाठी 'डीईएल' आणि फोल्डरसाठी 'आरडी'. 'आरडी'ला '/एस' जोडलं की आतल्या सगळ्यासकट फोल्डर जातं. (नेहमीप्रमाणे आज्ञा इथे उच्चारानुसार छापल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या.) पण या लेखात आज्ञेपेक्षा नकारावर जास्त बोलायचं आहे. संगणक उगाच नाही म्हणत नाही. त्याच्या नकाराची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलेल्या फाइलवर मालकी हक्काची आज्ञा चालवून काही होत नाही, आणि मालकी हक्काने अडलेली फाइल सगळे प्रोग्रॅम बंद करूनही हलत नाही. म्हणून आधी संदेश नीट वाचायचा.

'बीइंग यूज्ड बाय अनदर प्रोसेस' असं दिसलं, तर कुणीतरी ती फाइल उघडी ठेवली आहे. वर्ड बंद केलं असं आपल्याला वाटतं, पण त्याची प्रोसेस मागे चालू असते. व्हिडिओंच्या फोल्डरमध्ये खुद्द एक्सप्लोरर छोटी चित्रं तयार करत असतो. अँटिव्हायरस फाइल तपासत असतो, किंवा क्लाउडवर प्रत ठेवणारा प्रोग्रॅम ती वर चढवत असतो. यातलं सहज नजरेतून सुटणारं कारण असं, की ज्या काळ्या खिडकीतून आपण आज्ञा देतो, ती खिडकीच त्या फोल्डरमध्ये उभी असते. मग 'आरडी /एस' आतलं सगळं पुसते, पण रिकामं फोल्डर मागे उरतं. 'सीडी ..' करून एक पायरी वर आलं की तेही जातं.

फाइल कुणी धरली आहे हे विंडोज सांगू शकतं. 'रेसमॉन' टाइप करून रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स' असं लिहिलेल्या चौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा द्या. ती धरणाऱ्या प्रोसेसचं नाव आणि क्रमांक समोर येतो. हेच काम काळ्या खिडकीतून करायचं असेल, तर सिसइंटर्नल्स या संचातली 'हँडल' ही आज्ञा आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी 1996 पासून ही साधनं लिहायला घेतली, 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली, आणि आजही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर हा संच फुकट मिळतो. ज्याला विंडोज मनापासून समजून घ्यायचं असेल त्याने हा संच जवळ ठेवावाच.

क्रमांक कळला की 'टास्ककिल /पीआयडी' आणि पुढे तो क्रमांक. सुरुवातीला '/एफ' लावू नका. '/एफ'शिवाय दिलेली आज्ञा प्रोग्रॅमला बंद व्हायची विनंती करते, त्यामुळे न साठवलेलं काम साठवायची संधी मिळते; '/एफ' तीही ठेवत नाही.

लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांना हा प्रकार फारसा भेटत नाही. युनिक्सच्या घराण्यात फाइलचं नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आरएम' ही आज्ञा फक्त नाव काढते. दारावरची पाटी काढली तरी आतला माणूस राहतोच, तशी फाइल उघडी असेतोवर डिस्कवर राहते आणि शेवटच्या प्रोग्रॅमने ती सोडली की जागा मोकळी होते. (सर्व्हरवर भलीमोठी लॉग फाइल पुसूनही जागा का वाढली नाही, याचं उत्तर बहुधा हेच असतं.) विंडोजमध्ये मात्र फाइल उघडणारा प्रोग्रॅम 'मी असेपर्यंत हिला कुणी पुसायचं नाही' असं ठरवू शकतो, आणि बरेच प्रोग्रॅम तसं ठरवतात.

काही फाइली विंडोज सुरू होताच कुणीतरी धरतं आणि शेवटपर्यंत सोडत नाही. त्यासाठी सिसइंटर्नल्सचंच 'मूव्हफाइल' आहे. फाइलचं नाव द्यायचं आणि नव्या जागेच्या ठिकाणी रिकामी अवतरणचिन्हं द्यायची. ही नोंद रजिस्ट्रीत जाते, आणि पुढच्या वेळी संगणक चालू होताना, बाकीचे प्रोग्रॅम जागे व्हायच्या आत, विंडोज ती फाइल काढून टाकतं.

दुसरा नकार 'ॲक्सेस इज डिनाइड'. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क नव्याला जोडली की हा हमखास भेटतो. त्या फाइलींवर जुन्या विंडोजमधल्या वापरकर्त्याचा हक्क नोंदलेला असतो. तुमचं नाव तेच असलं तरी नव्या विंडोजने तुम्हाला वेगळा ओळख-क्रमांक दिलेला असतो, आणि हक्क त्या क्रमांकाला असतात, नावाला नव्हे. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. आधी 'टेकओन /एफ' आणि फोल्डरचं नाव, शेवटी '/आर'. मग 'आयसीएसीएलएस', फोल्डरचं नाव, '/ग्रँट', तुमचं वापरकर्ता-नाव आणि त्याला चिकटून ':एफ', शेवटी '/टी'. दोन आज्ञा का, असा प्रश्न पडेल. मालकी मिळाली म्हणजे पुसायचा हक्क मिळाला असं नाही. मालकाला फक्त हक्क वाटून द्यायचा अधिकार मिळतो. दुसऱ्या आज्ञेने तो हक्क आपण स्वतःला देतो. पहिली आज्ञा चालवून 'तरीही होत नाही' म्हणणारे इथेच थांबलेले असतात.

हीच जोडी विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरवर चालवू नका, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. व्हिस्टापासून तिथल्या महत्त्वाच्या फाइलींचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' असतो, ॲडमिनिस्ट्रेटरही नव्हे, आणि ते पूर्ण विचारांती केलेलं आहे. सी ड्राइव्ह भरला म्हणून 'विनएसएक्सएस' फोल्डर पुसायला निघालेल्यांचं विंडोज पुढच्या अपडेटला किंवा त्याआधीच मोडतं. त्या फोल्डरच्या सफाईला 'डिस्म' ही वेगळी आज्ञा आहे. 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून सहज जातं, आणि विंडोज 10 वा 11 अद्ययावत झाल्यावर साधारण 10 दिवसांनी आपोआपही जातं. त्याच्याशी झुंजू नये.

पेन ड्राइव्हचा किस्सा वेगळा. डीटीपीच्या दुकानातून, सायबर कॅफेतून आलेल्या पेन ड्राइव्हवर 'शॉर्टकट व्हायरस' आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरला. सगळी फोल्डरं गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट. कित्येकांनी या घाबरगुंडीत पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून लग्नाचे फोटो, प्रकल्पांचे अहवाल कायमचे घालवले. मूळ फोल्डरं गेलेली नसतात. त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारलेले असतात. पेन ड्राइव्हच्या अक्षरावर जाऊन 'ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी *.*' दिलं की ती परत दिसतात. मग शॉर्टकट आणि त्यांच्यामागची स्क्रिप्ट पुसायची. एकाही शॉर्टकटवर दोनदा क्लिक करायचं नाही, कारण तो फोल्डर उघडतो आणि सोबत व्हायरसही चालवतो.

आता सगळ्यांत चक्रावून टाकणारा नकार. काही वर्षांपूर्वी एक ईमेल फार फिरला होता: एका भारतीयाने शोध लावला, की 'कॉन' नावाचं फोल्डर कुणालाच करता येत नाही, आणि का ते मायक्रोसॉफ्टलाही सांगता येत नाही! यात गूढ काहीच नव्हतं, आणि कारण मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलेलं आहे. 1981 च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. कळफलक-पडदा, छपाईयंत्र अशा उपकरणांना फाइलसारखी नावं होती. 'कॉन' म्हणजे कळफलक आणि पडदा, 'पीआरएन' छपाईयंत्र, 'एनयूएल' म्हणजे जिथे टाकलेलं नाहीसं होतं ती जागा. ही पद्धत त्याआधीच्या सीपी/एम या प्रणालीकडून आलेली. 1983 मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरं आली. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. 'एयूएक्स', 'कॉम1' ते 'कॉम9' आणि 'एलपीटी1' ते 'एलपीटी9' ही त्याच यादीतली.

तरी अशी नावं डिस्कवर येतातच. लिनक्समधून, मॅकमधून किंवा लिनक्सच्या धाटणीच्या एखाद्या साधनातून 'एनयूएल' नावाची खरीखुरी फाइल तयार होते आणि साध्या आज्ञेने विंडोज ती पुसू शकत नाही. पेन ड्राइव्हला 'लस' टोचणारे काही प्रोग्रॅमही मुद्दाम असं नाव वापरून न पुसलं जाणारं फोल्डर करत, म्हणजे व्हायरसला तिथे आपली फाइल ठेवता येऊ नये. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल तरी हीच गत: विंडोज ते शेवटचं चिन्ह आधीच छाटून टाकतं आणि मग फाइल सापडत नाही म्हणतं.

उपाय चार चिन्हांचा आहे: \\?\ ही चिन्हं पत्त्याच्या सुरुवातीला लावली, की विंडोज नावाची चिकित्सा न करता पत्ता जसाच्या तसा पुढे देतं. उदाहरणार्थ, डीईएल "\\?\डी:\जुने\एनयूएल", किंवा फोल्डर असेल तर आरडी /एस "\\?\डी:\जुने\कॉन". पत्ता पूर्ण हवा, ड्राइव्हच्या अक्षरापासून, आणि तिरके दंड सगळे उलटेच हवेत.

हीच चिन्हं लांबलचक पत्त्यांनाही चालतात. विंडोजच्या जुन्या नियमाने पूर्ण पत्ता 260 चिन्हांत बसावा लागतो, डिस्कची एनटीएफएस ही व्यवस्था मात्र सुमारे 32 हजार चिन्हांपर्यंत झेपवते. वरच्या फोल्डरचं नाव बदलून मोठं केलं, की आतल्या फाइलींचा पत्ता नकळत 260 च्या पलीकडे जातो आणि मग त्या ना उघडतात ना पुसल्या जातात. मराठीत नावं देणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहायला हवं. काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक संगणकाच्या हिशेबात स्वतंत्र चिन्ह असतं. 'शस्त्रक्रिया' हा शब्द आपल्याला चार अक्षरी दिसतो, विंडोज त्याची 12 चिन्हं मोजतं. सोपा उपाय म्हणजे वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करत जायची, पत्ता आपोआप आखूड होतो. नाहीच जमलं तर एक रिकामं फोल्डर करा आणि 'रोबोकॉपी', रिकाम्याचं नाव, हट्टी फोल्डरचं नाव, '/एमआयआर' अशी आज्ञा द्या. रोबोकॉपी दुसऱ्याला पहिल्यासारखं करते, म्हणजे रिकामं करते.

'करप्टेड अँड अनरीडेबल' असं आलं तर डिस्कवरच्या नोंदीच बिघडल्या आहेत. आधी वाचवता येईल ते दुसरीकडे हलवा, मग 'चेकडिस्क'ची आज्ञा, म्हणजे 'सीएचकेडीएसके', '/एफ'सह चालवा.

या खिडकीतून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि एसएसडीवरून ते परत मिळण्याची आशा फारच थोडी. आणि चूक व्हायला एक चिन्हही पुरतं. 2011 मध्ये लिनक्सवरच्या 'बंबलबी' या प्रोग्रॅमच्या स्थापना-स्क्रिप्टमध्ये 'आरएम -आरएफ'पुढच्या पत्त्यात एक मोकळी जागा चुकून पडली. पत्त्याचे दोन तुकडे झाले, आणि पहिला तुकडा होता '/यूएसआर', म्हणजे जिथे बहुतेक सगळे प्रोग्रॅम राहतात ते फोल्डर. ज्यांनी ती चालवली त्यांची यंत्रणाच पुसली गेली. विंडोजमध्येही मोकळी जागा असलेलं नाव अवतरणचिन्हांशिवाय दिलं की त्याचे असेच तुकडे पडतात.

म्हणून पुसायच्या आधी तोच पत्ता 'डीआयआर'ला द्या. दिसलेली यादी खरोखर जायला हवी असेल, तरच वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणा आणि 'डीआयआर'च्या जागी 'डीईएल' लिहा. '/क्यू' जोडलं की संगणक खात्री विचारायचा थांबतो; हात बसेपर्यंत तो विचारत असलेलाच बरा.

पुढच्या आठवड्यात रोबोकॉपीनेच बॅकअप कसा घ्यायचा ते पाहू. त्यासाठी एक रिकामी बाह्य हार्ड डिस्क जवळ ठेवा, आणि तोवर '/एमआयआर' कुठल्याही कामाच्या फोल्डरवर चालवू नका.