ऊर्जासंधारण, विद्यापीठ परिसरातील

विद्यापीठे व त्यांना संलग्न असलेली महाविद्यालये यांच्या आवारात वीज, इंधन व पाणी यांचा वापर अध्यापनात आणि संशोधनात खंड पडू न देता कमी करणे व उरलेली गरज शक्य तेवढी पुनर्नवीकरणीय साधनांतून भागविणे, यास विद्यापीठ परिसरातील ऊर्जासंधारण म्हणतात. पाण्याचा अंतर्भाव यात मुद्दाम केला जातो, कारण महाराष्ट्रातील बहुतेक आवारांत पाणी हे विजेनेच उपसलेले असते. ऊर्जासंधारण व ऊर्जानिर्मिती या भिन्न गोष्टी आहेत. छतावर सौरविद्युत् पट्ट बसविले की ऊर्जासंधारण साधले, असा समज रूढ होत चालला आहे. तो बरोबर नाही. वाया जाणारी वीज सूर्यापासून मिळविली, तरी ती वायाच जाते.

विद्यापीठाचे आवार हे लहान नगरच असते. व्याख्यानकक्ष, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहे, भोजनगृह, सेवकांची निवासस्थाने, रस्त्यांवरील दिवे आणि पाणीपुरवठा अशी विजेच्या वापराची निरनिराळी क्षेत्रे येथे एकत्र आलेली असतात. मात्र नगरात आणि आवारात एक महत्त्वाचा फरक आहे. नगरातील रहिवासी आपापले वीजदेयक स्वतः भरतो. आवारात वापर विभाग करतो आणि देयक विद्यापीठाचे लेखा कार्यालय भरते. अनेक ठिकाणी सर्व इमारतींना मिळून एकच उच्च दाबाची जोडणी असते व विभागवार मापक नसतात. कोणत्या इमारतीत किती वीज लागली, हे मग कोणालाच सांगता येत नाही. वेतनेतर अनुदान तोकडे असल्याने वाढलेल्या देयकाची भरपाई शेवटी ग्रंथखरेदी व प्रयोगशाळेतील साहित्य यांतून होते. त्यामुळे हा प्रश्न पर्यावरणाइतकाच शिक्षणाचाही ठरतो.

ऐतिहासिक आढावा : ऊर्जाबचतीचा विचार भारतात १९७३ च्या खनिज तेलाच्या संकटानंतर नेटाने सुरू झाला. १९७८ मध्ये पेट्रोलियम संधारण संशोधन संघटना स्थापन झाली व १९८२ मध्ये केंद्र सरकारचा अपारंपरिक ऊर्जा विभाग अस्तित्वात आला. महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाची (महाऊर्जा) स्थापना झाली. ऊर्जासंधारण अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व त्याखाली मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता विभागाचे (ब्यूरोचे) काम सुरू झाले. व्यापारी व तत्सम मोठ्या इमारतींसाठी ऊर्जासंधारण इमारत संहिता २००७ मध्ये निघाली व २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. विद्यापीठांनी या बाबतीत काही विशेष बांधिलकी स्वीकारावी, हा विचार १९९० च्या तालवार (फ्रान्स) येथील जाहीरनाम्यात प्रथम स्पष्टपणे मांडला गेला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पर्यावरणानुकूल परिसरविकासाची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या निकषांतही ऊर्जा-लेखापरीक्षणाला स्थान मिळाले. या निकषांमुळे महाविद्यालयांत लेखापरीक्षणाचे अहवाल तयार होऊ लागले. त्यांतील किती अहवालांच्या शिफारशी अंमलात आल्या, हा प्रश्न मात्र निकषांत न बसणारा आहे.

वीजदेयकाचे वाचन : ऊर्जासंधारणाचा आरंभ देयकाच्या वाचनापासून करावा लागतो. उच्च दाबाच्या ग्राहकास वापरलेल्या विजेशिवाय मागणी आकारही द्यावा लागतो. करारातील मागणी प्रत्यक्ष गरजेपेक्षा पुष्कळ अधिक ठेवली असेल, तर न वापरलेल्या क्षमतेचे पैसे दरमहा जात राहतात; ती फार कमी ठेवली असेल, तर दंड पडतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्च दाबाच्या ग्राहकांना किलोवॉट-तासांऐवजी किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर आकारणी होऊ लागली. त्यामुळे शक्तिगुणकाचे महत्त्व थेट पैशांत दिसू लागले : शक्तिगुणक ०·८५ असताना १ लाख युनिट (किलोवॉट-तास) वीज वापरली, तर आकारणी सु. १·१८ लाख एककांवर होते. योग्य क्षमतेची धारित्रे बसवून व ती चालू स्थितीत ठेवून हा फरक बहुतांशी नाहीसा करता येतो. याने व्याख्यानकक्षातील एकही दिवा कमी होत नाही. रात्री व सुट्टीच्या दिवशी आवारातील भार किती असतो, याची नोंद घेणे हा दुसरा सोपा उपाय होय. रविवारी पहाटेचा भार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला, तर कोठेतरी पंप, वातानुकूलक अथवा गळकी टाकी शोधावी लागते.

इमारतींची रचना : जुन्या इमारती या बाबतीत पुष्कळदा नव्यांपेक्षा सरस ठरतात. पुणे विद्यापीठाची (आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) मुख्य इमारत १८६४–७१ या काळात गव्हर्नरच्या निवासासाठी बांधली गेली. उंच छत, जाड दगडी भिंती व आजूबाजूची मोठी झाडे यांमुळे अशा वास्तूंत उन्हाळाही सुसह्य होतो. त्यानंतरच्या काळात सपाट काँक्रीट छताच्या, व्हरांडा नसलेल्या व पश्चिमेस खिडक्या असलेल्या इमारती सर्वत्र उभ्या राहिल्या. विदर्भात त्यांचा त्रास अधिक जाणवतो. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मेहकर तालुक्यातील जानेफळच्या आसपास, अक्षांश सु. २०° उत्तर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजेच परीक्षांच्या दिवसांत उष्णतेचा मुख्य मारा भिंतींवर नव्हे, तर छतावर होतो. छताला दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा थर देणे किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसविणे, हा तेथे सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. इमारतीची लांब बाजू उत्तर व दक्षिण दिशांकडे ठेवणे, दक्षिणेस रुंद छज्जा व पश्चिमेस निंबासारखी झाडे, ही तत्त्वे गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ती नकाशे करणाऱ्यांच्या विस्मरणात गेली.

विद्यार्थ्यांनी या विषयात केलेला एक उल्लेखनीय प्रयोग म्हणजे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या व रचना संसद वास्तुशास्त्र संस्थेच्या विद्यार्थ्यांनी उभारलेले सौर घर. २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे झालेल्या यूरोपीय सौर स्पर्धेत ते प्रत्यक्ष बांधून दाखविण्यात आले. प्रकाशविद्युत् संशोधन व शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र याच संस्थेत २०१० मध्ये सुरू झाले.

उपकरणे : नळीदिव्याची जुनी जोडणी (४० वॉटची नळी व तांब्याच्या वेटोळ्याचा चोक) सु. ५५ वॉट वीज घेई; तेवढाच उपयुक्त प्रकाश देणाऱ्या एलईडी नळीस १८–२० वॉट पुरतात. दिव्यांतील हा बदल बहुतेक आवारांत झाला आहे. पंख्यांकडे मात्र दुर्लक्ष झाले. साधा छतपंखा सु. ७५ वॉट घेतो, तर ब्रशविरहित चलित्राचा पंखा ३० वॉटच्या आसपास. उदाहरणादाखल, ४० खोल्या व प्रत्येकीत ४ पंखे असलेल्या महाविद्यालयात हे पंखे दिवसा ६ तास व वर्षातून २०० दिवस चालले, तर पंखे बदलल्याने वर्षाला सु. ८,६०० युनिट वाचतील. छतपंख्यांना कार्यक्षमतेचे तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे. वातानुकूलकाचे नियत तापमान एक अंशाने वाढविल्यास त्याच्या विजेत सु. ६ टक्के बचत होते. २०२० पासून नव्या खोली-वातानुकूलकांचे मूळ नियत तापमान २४° से. ठेवणे बंधनकारक आहे. संशोधन प्रयोगशाळांत वेगळीच उपकरणे प्रभावी ठरतात. उणे ८०° से. तापमानाचे एक शीतकपाट दिवसाला १५–२० युनिट वीज घेऊ शकते. अशा कपाटांतील जुने, कोणाचेच नसलेले नमुने काढून टाकणे हाही ऊर्जासंधारणाचाच भाग होय.

वसतिगृहांत गरम पाण्याचा खर्च मोठा असतो. १०० लिटर पाणी २५° वरून ६०° से. पर्यंत तापविण्यास सु. ४ युनिट लागतात. हे काम सौर जलतापक उत्तम रीतीने करतो. फक्त नळ्यांत साठणारे क्षार वर्षातून एकदा काढावे लागतात. ते न काढल्यामुळे बंद पडलेले तापक वसतिगृहांच्या छतांवर पुष्कळ दिसतात.

पाणी : एक घनमीटर पाणी एक मीटर उचलण्यास ०·००२७ युनिट ऊर्जा लागते. पंप व चलित्र यांची एकत्रित कार्यक्षमता ४५ टक्के धरल्यास ती ०·००६ युनिट होते. ३०० विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास, दरडोई दररोज १३५ लिटर या प्रमाणाने, सु. ४० घनमीटर पाणी लागते. ते ६० मी. खोलीवरून उपसण्यास दिवसाला सु. १५ युनिट खर्च होतात. पाण्याची पातळी ३० मीटरवर आली, तर हा खर्च निम्मा होतो. म्हणून दख्खनच्या कातळावरील आवारात भूजलाची पातळी राखणे हेही वीज वाचविणेच आहे. १,००० चौ. मी. छतावर ७५० मिमी. पाऊस पडल्यास, गळती व बाष्पीभवन वजा जाता, सु. ६०० घनमीटर पाणी हाती येते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी या क्षेत्रात विजेच्या क्षेत्रापेक्षा अधिक ठोस काम केलेले आढळते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने (स्थापना १९६२) आपल्या ८५३ एकरांच्या आवारात तळी, शेततळी व विहिरी यांच्या आधारे पावसाचे पाणी साठवून बाहेरच्या पाणीपुरवठ्यावरील अवलंबन मोठ्या प्रमाणात कमी केले. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने (स्थापना १९९०, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव) गिरणाकाठच्या उजाड माळावर पाणलोट विकासाची कामे व वृक्षलागवड केली. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६९) जमिनीवर महामार्गासाठी लागणारा मुरूम अशा रीतीने काढण्यात आला की, त्या खड्ड्यांची तळी झाली. महामार्गाच्या भरावासाठी तलावांतील गाळ-मुरूम वापरण्याची ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली जाते. एकाच खोदकामात रस्त्याला माती व शेताला पाणी मिळणे, ही तिची खुबी आहे.

सौरविद्युत् : विदर्भात १ किलोवॉट क्षमतेच्या पट्टांपासून दिवसाला सरासरी सु. ४ युनिट वीज मिळते [⟶ सौर ऊर्जा]. महाविद्यालयाचा वापर दिवसाचा असल्याने ही वीज बव्हंशी तेथल्या तेथे खपते. उन्हाळी सुट्टीत उत्पादन भरपूर व वापर कमी असतो. पण निव्वळ मापनाच्या (नेट मीटरिंग) व्यवस्थेत, जिचे नियम महाराष्ट्रात २०१५ मध्ये प्रथम झाले, जालकाला दिलेले युनिट पुढील महिन्यांत वळते करून मिळतात. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने एप्रिल-मेमधील शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. पट्टांची क्षमता ठरविण्यापूर्वी पंखे, पंप व शक्तिगुणक यांची व्यवस्था लावली, तर लहान संच पुरतो. व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा असतो. कारण संचखरेदीस भांडवली अनुदान मिळते, पंख्यांच्या दुरुस्तीस मिळत नाही.

संलग्न महाविद्यालये : विद्यापीठाचा परिसर म्हणजे मुख्य आवार एवढेच धरल्यास चित्र अपुरे राहते. बुलढाणा जिल्हा पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या व १९८३ पासून अमरावती विद्यापीठाच्या (आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) क्षेत्रात आहे. या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी अमरावतीच्या आवारात नव्हे, तर अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या जिल्ह्यांत विखुरलेल्या महाविद्यालयांत शिकतात. अशा ठिकाणी वातानुकूलन नसते, वजनदार प्रयोगसाहित्य नसते. काही खोल्या, एक विंधन विहीर व एक संगणककक्ष, एवढाच पसारा असतो. सुमारे १,००० विद्यार्थ्यांच्या अशा महाविद्यालयात दिवसाला १००–१५० युनिट वीज लागली, तर ती दर विद्यार्थ्यामागे ०·१५ युनिटापेक्षाही कमी भरते.

आता त्याच विद्यार्थ्याचा प्रवास पाहावा. जानेफळसारख्या गावातून २० किमी. अंतरावरील महाविद्यालयात दुचाकीने ये-जा करणारा विद्यार्थी दररोज सु. ०·८ लिटर पेट्रोल जाळतो. त्यातील उष्णतारूप ऊर्जा सु. ७ किलोवॉट-तास, म्हणजे महाविद्यालयातील त्याच्या वाट्याच्या विजेच्या सु. ५० पट. वीज व उष्णता यांची तुलना काटेकोर नव्हे, तरी अंतर एवढे मोठे आहे की निष्कर्ष बदलत नाही. हाच प्रवास भरलेल्या एसटी बसने केल्यास दरडोई डीझेल ०·२ लिटरपेक्षा कमी लागते. राज्य परिवहन महामंडळाच्या विद्यार्थी पासावरील ६६·६७ टक्के सवलत ऊर्जासंधारणासाठी दिलेली नाही, आणि ती कोणत्याही परिसर-लेखापरीक्षणात दाखविली जात नाही. पण ग्रामीण महाविद्यालयांच्या बाबतीत इंधन वाचविणारा तिच्याइतका मोठा दुसरा उपाय दाखविणे कठीण आहे. सवलतीचा उपयोग मात्र बस वेळेवर असेल तरच होतो. पहिल्या तासिकेची वेळ व गावातून निघणाऱ्या बसची वेळ यांचा मेळ घालणे प्राचार्य आणि आगारप्रमुख यांच्या हाती असते, व त्यास कोणताही भांडवली खर्च येत नाही.