टाइलांखालची खरी जमीन

न्हाणीघरातली फरशी पाणी अडवते, हा समज खालच्या घराच्या छतावर ओल उमटेपर्यंत टिकतो. टाइल स्वतः फारसं पाणी पीत नाही. पण दोन टाइलांमधला सिमेंटचा सांधा सच्छिद्र असतो. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि खालच्या मसाल्यात मुरतं. म्हणून पाणी खरं अडवायचं ते टाइलांच्या खाली.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ढाळाची होते. पुष्कळदा ढाळ फक्त वर, टाइल बसवताना दिला जातो. मग खालचा जलरोधक थर सपाट राहतो आणि झिरपलेलं पाणी त्यावर तसंच साचून राहतं. आधी कोब्यालाच ढाळ द्यावा, त्यावर जलरोधक लेप, मग टाइल. मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर उतार पुरतो. म्हणजे पाणी वाहून जाण्याचा नहाणी ट्रॅप दीड मीटरवर असेल तर दोन सेंटिमीटरही नाही.

भिंत आणि जमीन मिळतात तो कोपरा लवकर तडकतो, कारण दोन्ही वेगवेगळ्या हलतात. तिथे गवंडी मसाल्याची गोलाई देतात, तिला ‘वाटा’ म्हणतात. लेप भिंतीवरही चढवावा, शॉवरपाशी तर डोक्याच्या वरपर्यंत. ट्रॅपभोवतीची फट तितकीच नाजूक.

टाइल लावण्याआधी ट्रॅप बंद करून पाणी भरा, किमान २४ तास ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छत बघा. घाईत नेमकी हीच चाचणी गाळली जाते, याचं फार वाईट वाटतं. गळती नंतर सापडली, तर बहुतेक वेळा सगळी फरशी फोडावी लागते.