कूलर आणि तापलेली जमीन

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा झटका बसून माणसे दगावल्याच्या बातम्या अनेकदा येतात. ‘घरात अर्थिंग आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. मे महिन्यात माती सुकते, तिचा विद्युत्‌रोध वाढतो. आणि कूलर चालतो तो नेमका तेव्हाच! समजा, अर्थिंगचा रोध १०० ओहम झाला. मग २३० व्होल्टला गळती जेमतेम २.३ अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही. पत्र्यात वीज उतरलेलीच राहते. शरीराला मात्र ०.१ अँपिअरही जीवघेणा ठरतो. ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा आरसीसीबी इथे उपयोगी पडतो. त्याचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहा. त्याने अर्थिंगची परीक्षा मात्र होत नाही. ती परवानाधारक वायरमनकडून, अर्थ टेस्टर लावून, ऐन उन्हाळ्यात करवून घ्यावी. पावसाळ्यात ओल्या मातीमुळे रोध कमीच भरतो.