सनद एकदाच, कायदा मात्र बदलता

वकिलाला सनद एकदाच मिळते आणि ती सामान्यतः हयातभर टिकते. कायद्याचे तसे नसते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे देशभर लागू झाले. त्याच दिवशी १८६० ची दंड संहिता, १८७२ चा पुरावा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता मागे पडली. तीस-पस्तीस वर्षे जी कलमे मुखोद्गत होती, त्यांचे क्रमांकच नव्हे तर काही ठिकाणी आशयही बदलला. खुनाचे ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये सामावले. क्रमांकांचा बदल तक्त्यावरून पाठ करता येतो. आशयाचा बदल मात्र अभ्यासावा लागतो. हा अभ्यास वकिलाने कोठे, केव्हा आणि कोणाच्या मदतीने करावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या व्यवस्थेने अजून दिलेले नाही.

मुंबई-नागपुरात उच्च न्यायालय आहे, समृद्ध ग्रंथालये आहेत, व्याख्याने होतात. भंडारा जिल्ह्यातील तुमसरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी चित्र वेगळे असते. तुमसर ही तांदळाची जुनी बाजारपेठ. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, बावनथडी प्रकल्पाचे पाणी आहे, जंगलालगतची गावे आहेत. येथे एकाच वकिलाकडे सकाळी शेतीच्या वाटणीचा दावा, दुपारी न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण आणि सायंकाळी जामिनाचा अर्ज येऊ शकतो. महानगरातील वकील एखाद्या विषयात विशेषज्ञ होऊ शकतो. तालुक्याच्या वकिलाला सर्वच विषयांत अद्ययावत राहावे लागते. म्हणजे निरंतर शिक्षणाची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच त्याची साधने सर्वांत तोकडी, असा हा विरोधाभास आहे.

सहा महिन्यांचा फरक

कायद्यातील एखाद्या बदलाची किंमत किती असू शकते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. अशा आरोपाखाली कच्च्या कैदेत असलेल्या आणि पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या इसमाचा विचार करू. जुन्या संहितेच्या कलम ४३६-अ नुसार कमाल शिक्षेचा निम्मा काळ, म्हणजे दीड वर्ष तुरुंगात काढल्यावर त्याला सुटकेचा हक्क मिळत असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने अशा प्रथम आरोपीसाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली. म्हणजे एका वर्षानंतर तो सुटकेला पात्र ठरतो. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यासही ती मिळत नाही. १ जुलै २०२४ पूर्वी नोंदलेल्या प्रकरणांतील कैद्यांनाही तिचा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

हे कलम ठाऊक असलेला वकील एका वर्षानंतर अर्ज करील. ठाऊक नसलेला दीड वर्षाची वाट पाहील. मधले सहा महिने कैद्याच्या आयुष्यातून जातील. ते कशामुळे गेले, हे बहुधा त्याला कधी कळणारही नाही.

मोबाइलमधला पुरावा

दुसरे उदाहरण दिवाणी व्यवहाराचे. समजा, तांदळाच्या एखाद्या व्यापाऱ्याची उधारी थकली आहे आणि समोरच्याने ती कबूल केल्याचा संदेश त्याच्या मोबाइलमध्ये आहे. अशील त्या संदेशाच्या छायाचित्राची छापील प्रत घेऊन येतो आणि वकील ती दाव्याला जोडतो. पण एवढ्याने तो पुरावा ग्राह्य ठरतोच असे नाही.

या विषयावरील महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले काय, असा वाद होता. निवडणूक कार्यालयातील चित्रफिती हा त्यातील कळीचा पुरावा होता आणि वारंवार मागणी करूनही अधिकाऱ्यांनी त्यांचे प्रमाणपत्र दिले नव्हते. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात तत्त्व घालून दिले. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत सादर करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. संबंधिताने ते नाकारले तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते.

नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने याच्याही पुढे जाऊन प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्या पक्षाने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे संगणकीय धारिकेचा जणू अंगठ्याचा ठसा. धारिकेत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. त्यामुळे मोबाइल जपून ठेवा, संदेश पुसू नका, उपकरण बदलू नका, हा सल्ला वकिलाने पहिल्याच भेटीत द्यायला हवा. उलटतपासणीच्या वेळी ही गोष्ट लक्षात आली, तर तोवर अशिलाने जुना मोबाइल विकलेलाही असू शकतो.

एकदा वाचून भागत नाही

नवे कायदे एकदा वाचून काढले की काम संपले, असेही नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही तरतूद धनादेशाच्या प्रकरणांनाही लागू होते काय, याबाबत देशभर एकवाक्यता नव्हती. अखेर गोव्यातून गेलेल्या एका धनादेश प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत दखलपूर्व समन्सची गरज नसल्याचे सांगितले. कायदा लागू होऊन सव्वा वर्ष झाल्यावर आलेला हा खुलासा आहे. ज्याने जुलै २०२४ मध्ये एकच कार्यशाळा केली, त्याच्यापर्यंत तो पोहोचलेला असेलच असे नाही.

शिवाय जुने कायदेही पूर्णपणे विसरता येत नाहीत. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू असते आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्याच प्रक्रियेने चालतात. पुढील कित्येक वर्षे वकिलाला दोन्ही संहिता हाताशी ठेवाव्या लागतील.

अशिलाला दाद कोठे?

वकिलाच्या अज्ञानामुळे नुकसान झाले तर अशिलाने जावे कोठे? वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल १९६१ च्या वकील कायद्याच्या कलम ३५ खाली राज्य परिषदेकडे तक्रार करता येते. परंतु पुण्यातील एका वकिलाच्या अपिलात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की केवळ चुकीचा सल्ला किंवा नैतिक अधःपात नसलेला निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. या भूमिकेमागे अर्थ आहे. प्रत्येक हरलेला पक्षकार वकिलावर खटला भरू लागला तर निर्भयपणे वकिली करणेच अशक्य होईल. मात्र बाहेरून नियंत्रण नको असेल तर ज्ञानाची हमी व्यवसायाने आतून द्यावी लागते. नेमकी हीच बाजू आपल्याकडे रिकामी राहिली आहे.

महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. राज्यातील न्यायाधीशांच्या प्रशिक्षणासाठी ठाणे जिल्ह्यातील उत्तन येथे न्यायिक अकादमी आहे. न्यायालयाशी संलग्न मध्यस्थ होण्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. व्यवसाय करणाऱ्या वकिलावर मात्र असे कोणतेही सार्वत्रिक बंधन नाही. अखिल भारतीय बार परीक्षा २०११ पासून सुरू झाली आणि घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तबही केले. परंतु ती व्यवसायाच्या उंबरठ्यावरची परीक्षा आहे आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांना ती द्यावीच लागलेली नाही. चर्चासत्रे व व्याख्याने भरवणे हे राज्य परिषदांचे काम असल्याचे वकील कायद्याच्या कलम ६ मध्ये म्हटले आहे. पण त्यांना हजर राहणे वकिलाच्या इच्छेवर आहे.

केवळ तास मोजून भागेल?

सक्ती हा या प्रश्नावरचा सोपा उपाय वाटतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७५ मध्येच वकिलांसाठी निरंतर शिक्षण अनिवार्य केले आणि पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. इंग्लंडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथील सॉलिसिटरांना वर्षाला १६ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक होते. नोव्हेंबर २०१६ पासून तासांचे हे बंधन काढण्यात आले. त्याऐवजी आपल्या कामात काय कमी पडते हे वकिलाने स्वतः तपासावे, त्यानुसार शिकावे आणि त्याची नोंद ठेवावी, अशी पद्धत आली. तास भरले म्हणजे ज्ञान आले असे होत नाही, हे त्यामागचे कारण. हजेरीपटावर सही करून चहापानापूर्वी निघून जाण्याची सवय आपल्याकडेही अनोळखी नाही.

तुमसरसारख्या ठिकाणी उपयोगी पडेल अशी व्यवस्था म्हणूनच छोटी, नियमित आणि कामाशी जोडलेली हवी. दरमहा एका शनिवारी वकील संघाच्या खोलीत एकच विषय घ्यावा. कलम ४७९ चा अर्ज कसा लिहावा, कलम ६३ चे प्रमाणपत्र कसे भरावे, जप्तीचे चित्रीकरण झाले नसेल तर हरकत केव्हा घ्यावी, असे त्याचे स्वरूप असावे. ज्येष्ठांनी उलटतपासणीचे कसब शिकवावे, तर कनिष्ठांनी ज्येष्ठांना संगणकीय दाखल प्रक्रिया दाखवावी. नागपूरचे तज्ज्ञ दूरदृश्य प्रणालीद्वारे बोलू शकतात. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकालसंग्रह जानेवारी २०२३ पासून महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि अनेक निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. त्यामुळे महागड्या ग्रंथांची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. उरली आहे ती वेळेची आणि सवयीची.

यात राज्य परिषदेची भूमिका निर्णायक ठरेल. अभ्यासाचे विषय ठरवणे, मराठीतून साहित्य पुरवणे, तालुक्यापर्यंत व्याख्याते पाठवणे आणि पाच वर्षांतून एकदा तरी अभ्यासाची नोंद मागणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी येणारा खर्च मात्र कनिष्ठ वकिलाच्या खिशावर पडता कामा नये. पहिल्या काही वर्षांत त्याची मिळकत किती तुटपुंजी असते, हे प्रत्येक बाररूमला ठाऊक आहे.

वकीलपत्रावर सही करणारा अशील वकिलाचे ज्ञान तपासू शकत नाही. डोंगरी बुजुर्गचा खाणकामगार असो वा तुमसरचा व्यापारी, तो केवळ काळ्या कोटावर विश्वास ठेवतो. हा विश्वास सार्थ ठरवण्यासाठी सनद मिळाल्याच्या दिवशीचे ज्ञान पुरेसे नाही. प्रकरण ज्या दिवशी न्यायालयात उभे राहील, त्या दिवशीचा कायदा वकिलाला ठाऊक असावा लागतो.