नरनाळ्याची टाकी कोणाच्या नावे?

किन्हीराजाहून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणे हा आमच्या घरचा ठरलेला क्रम. पाहुणे आले की गाडी मालेगावमार्गे आपोआप तिकडे वळते. यंदा मार्गशीर्षात पुण्याहून आलेला नातू म्हणाला, “आजोबा, या वेळी एखादा किल्ला पाहू या.” म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मेडशी, पातूर, अकोला, अकोट असे करीत सातपुड्याच्या पायथ्याशी शहानूरला पोहोचलो. सौभाग्यवतींनी घरून गाळलेले पाणी आणि दोन वेळचे डबे बरोबर घेतले होते. नरनाळा आता अभयारण्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे नाक्यावर नोंद करावी लागते आणि सायंकाळपूर्वी उतरावेच लागते. चौविहार पाळणाऱ्यांना हा नियम जाचक वाटू नये.

गड समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून उंच आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास एलिचपुरास मुक्काम असताना गाविलगड बांधविला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फरिश्ता लिहितो. दुरुस्ती केली, याचा अर्थ गड त्यापूर्वीही होता. आज आपण जी तटबंदी पाहतो ती अशी वारंवार उभारलेली आहे.

महाकाली दरवाजापाशी मात्र पाऊल थबकते. पांढरट वालुकाश्म, त्यावर कोरलेली कमळे, जाळीच्या नाजूक गवाक्षांची रांग; हा लष्करी दरवाजा आहे हे क्षणभर विसरायला होते. वरील लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे. बांधकाम वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याचे, सुमारे १४८६ चे. चारच वर्षांनी, १४९० मध्ये, हाच सुभेदार स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. मालकाचे नाव दगडात कोरून ठेवायचे आणि शाखाच आपल्या नावावर करून घ्यायची, असा प्रकार मी नोकरीच्या साऱ्या वर्षांत पाहिला नाही!

नऊगजी तोफ पाहून आम्ही टाक्यांकडे वळलो. दगडी छताने झाकलेली, आत खोल अंधार असलेली ही टाकी. इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात अशा चार टाक्यांचा उल्लेख असून, ती मुसलमानी अमलापूर्वी जैनांनी बांधली असावीत असे मानतात, अशा अर्थाची नोंद आहे. ही माहिती मी मोठ्या अभिमानाने सांगितली. नातू वाणिज्य शाखेचा, त्याने लगेच विचारले, “आजोबा, पुरावा काय?”

मी जरा गप्प झालो. दरवाजावर लेख आहे, वर्ष आहे, नाव आहे. टाक्यांजवळ तसे काहीच आमच्या दृष्टीस पडले नाही. पाणी झाकून ठेवण्यात मला जीवदयेचा संस्कार दिसत होता. पण ऊन लागले नाही की पाणी कमी आटते, शेवाळही कमी धरते; वेढ्यात सापडणाऱ्या कोणत्याही किल्लेदाराला हा हिशेब कळत असणारच. निव्वळ ‘मानतात’ या शब्दावर मी कोणाला कर्ज मंजूर केले नसते. मग आपल्या समाजाच्या खात्यावर एवढी मोठी रक्कम जमा कशी करावी? आपल्या पूर्वजांनी येथे पाण्याची सोय केली असेल, तर मला आनंदच आहे. परंतु मन त्याकडे ओढ घेते म्हणूनच तपासणी अधिक कडक हवी, हेही नोकरीनेच शिकविले. जवळच पाण्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या होत्या. त्या टाकणारे कोण, याचाही लेख नव्हता. सौभाग्यवतींनी हाताला लागतील तेवढ्या बाटल्या पिशवीत भरल्या. त्यांचा गुडघा दुखत होता, तरी एकही शब्द बोलल्या नाहीत.

ऊन कलायच्या आत आम्ही गड उतरलो. अकोटच्या अलीकडे एका झाडाखाली, सूर्यास्ताला अर्धा तास असताना, डबे उघडले. नातवाने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाक्यांचे छायाचित्र टाकले होते, खाली ओळ होती : ‘जैनांनी बांधलेली टाकी.’ मी भ्रमणध्वनी मागून ती वाचली आणि त्याच्याकडे पाहिले. त्याने हसून ती ओळ बदलली : ‘नरनाळा. टाकी कोणाची, शोध चालू.’

अहिल्यानगरच्या व्याह्यांनी मात्र तोवर अभिनंदन पाठविले होते.