पार्टिशनं गेली कुठे?

येवला बाजार समितीत कांद्याचे लिलाव मुख्य आवारात होतात, तसे अंदरसूल उपबाजारातही. समजा, या लिलावांच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये ठेवल्या, ‘लिलाव’ हे टेबल तारखेनुसार महिन्यामहिन्यांत विभागलं आणि पीएसक्यूएलमध्ये ते बघायला बसलो. इथे नवखा माणूस हमखास चार ठिकाणी फसतो. (खालच्या आज्ञा टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची.)

गैरसमज १ : ‘\डी लिलाव’ दिलं, यादी आली नाही, म्हणजे पार्टिशनं झालीच नाहीत.
वस्तुस्थिती : साधी ‘\डी’ फक्त पार्टिशन-की आणि पार्टिशनांची संख्या सांगते. नावं आणि हद्दी हव्यात तर ‘\डी+’ द्या. संख्येशेजारच्या कंसात ही सूचना लिहिलेलीच असते. ती कुणी वाचत नाही, इतकंच.

गैरसमज २ : आकार शून्य बाइट दिसतोय, म्हणजे डेटा उडाला.
वस्तुस्थिती : ‘\डीटी+’मध्ये मूळ टेबलापुढे शून्यच येणार. ते स्वतःकडे एकही नोंद ठेवत नाही. सगळा माल पार्टिशनांत असतो. एकत्रित आकारासाठी ‘\डीपी+’ वापरा, त्यातला पी कॅपिटल. ही सोय २०१९ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ पासून आहे.

गैरसमज ३ : हद्द ‘१ एप्रिल ते १ मे’ दिसते, म्हणजे १ मेचा लिलाव एप्रिलमध्ये मोडतो.
वस्तुस्थिती : खालची तारीख धरायची, वरची सोडायची. म्हणूनच हद्द ‘३० एप्रिल’पर्यंत लिहिली, तर ३० तारखेच्या नोंदींना जागाच उरत नाही. डीफॉल्ट पार्टिशन असेल तर त्या तिथे जाऊन पडतात. नसेल तर नोंद नाकारली जाते आणि एरर येते.

गैरसमज ४ : ‘\डी+’ दिलं की सगळं दिसतं.
वस्तुस्थिती : एप्रिलचे पुन्हा येवला आणि अंदरसूल असे भाग पाडले असतील, तर मूळ टेबलाची यादी एप्रिलपाशीच थांबते आणि त्याच्यापुढे ‘पार्टिशन्ड’ एवढाच शेरा येतो. आतलं बघायला एप्रिलच्या पार्टिशनवर पुन्हा ‘\डी+’ द्या, किंवा ‘पीजी_पार्टिशन_ट्री’ फंक्शनने सगळी उतरंड एकदम काढा.

एवढं करूनही शंका राहिली, तर पीएसक्यूएल सुरू करतानाच ‘-ई’ जोडा; इथला ई कॅपिटल. प्रत्येक आज्ञेमागे कोणती क्वेरी चालली ते छापून येतं आणि पडद्यावर काय का दिसत नाही, याचं उत्तर त्या क्वेरीतच सापडतं.