टोन बदलला, आस राहिली

मुखडा संपतो. डाव्या हाताने धरलेला पियानोचा शेवटचा कॉर्ड अजून घुमतोय आणि पुढच्याच मात्रेवर उजव्या हाताला व्हायोलिन्स उचलायची आहेत. टोनचं बटण दाबायला तिसरा हात आणायचा कुठून? ॲपलचं 'मेनस्टेज' हे सॉफ्टवेअर वादकाच्या नेमक्या या अडचणीसाठी आहे.

अडचण तशी जुनी. पेटीवादक भात्यावरचा हात क्षणभर सोडून स्टॉप ओढतो आणि 'नर' सुरांच्या जोडीला 'खर्ज' सूर उघडतो. इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली तेव्हा टोनागणिक वेगळा कीबोर्ड, एकावर एक रचलेला, हा उपाय होता. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका भाषेत बोलू लागली. टोन बदलण्याचा तिचा निरोप जेमतेम दोन बाइटचा. तारेतून जायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. त्यात आवाज नसतोच, असतो फक्त नंबर. १९९१ च्या 'जनरल मिडी'ने १२८ नंबर वाटून दिले: १ वर पियानो, ४१ वर व्हायोलिन, १०५ वर सतार, ११२ वर सनई. पण काही यंत्रं ० पासून मोजतात, काही १ पासून. मग सतार मागावी तर शेजारचा बँजो वाजतो!

२००७ मध्ये 'लॉजिक स्टुडिओ'सोबत आलेलं, फक्त मॅकवर चालणारं मेनस्टेज वादकाला या आकडेमोडीतून सोडवतं. त्याची रचना तीन मजली. वर अख्खा कॉन्सर्ट, त्याखाली सेट, त्याखाली पॅच. एका पॅचमध्ये हवी तितकी वाद्यं बसतात: खालच्या सप्तकात बेस, वर बासरी, किंवा पियानोवर स्ट्रिंग्जचा थर. हात सरकेल तशी ही वाटणीची हद्दही सरकती ठेवता येते. कार्यक्रमाच्या क्रमाने पॅच लावले की पायाखालच्या स्विचला एकच काम उरतं: पुढे.

खरी परीक्षा मात्र नव्या टोनची नसते, जुन्याची असते. कित्येक जुन्या कीबोर्डांत टोन बदलला की मागचा सूर कात्रीने कापावा तसा तुटे, कारण सगळ्या टोनांना इफेक्टचा एकच संच पुरवलेला असे आणि टोनबरोबर तोही बदले. मेनस्टेजमध्ये दाबून धरलेल्या पट्ट्या जुन्याच पॅचमध्ये वाजत राहतात. नवी पट्टी नव्या पॅचची. रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, पॅचमध्ये न ठेवता कॉन्सर्टच्या मजल्यावर ठेवला, तर तो सर्वांचा सामाईक होतो आणि पॅच बदलला तरी मागचा घुमारा विरायला जागा मिळते. गवई ज्याला सुराची आस म्हणतात, ती अशी सांभाळली जाते.

याची किंमत घरी मोजावी लागते. प्रत्येक पॅचचा आवाज आधीच समतोल करायचा, नाहीतर बासरीपाठोपाठचा ब्रास गायिकेच्या अंगावर धावून येतो. आवाज क्षणभर साठवून पुढे सोडणारा बफर लहान ठेवला तर पट्टी आणि आवाज यांतलं अंतर घटतं, पण प्रोसेसरची दमछाक होऊन तडतड ऐकू येते. १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद.

एवढं करूनही एक गोष्ट यंत्राच्या हाती नाही. स्विच दाबायचा तो बोटं उचलल्यावर नव्हे, कॉर्ड धरलेला असतानाच. बोटांनी सूर धरून ठेवला असेल, तरच यंत्राला तो राखता येतो.